एक ते दीड सूत

किल्ली फिरवायची, पण इंजिन सुरू करायचे नाही. मग गाडीच्या मागच्या अंगाने टक्-टक्-टक् असे आठ-दहा ठोके ऐकू येतात आणि सारे शांत होते. हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला देणारे यंत्र म्हणजे कार्ब्युरेटर; विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप दोन्ही कार्ब्युरेटरांची फ्लोट चेंबरे, म्हणजे पेट्रोलच्या छोट्या टाक्या, भरून मोकळा झाला, एवढाच त्या शांततेचा अर्थ. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी ही शांतता आलीच नाही. ठोके विरळ झाले, पण थांबले नाहीत. गळक्या नळासारखा चार-पाच सेकंदांनी एक ठोका पडतच राहिला. बॉनेट उघडले तेव्हा मागच्या कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल ठिबकत होते, आणि दोन वर्षे मी टाळत आलेले काम त्या क्षणी माझ्या गळ्यात पडले.

गाडी १९६८ सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, कापडी टपाची आणि साजूक तुपाच्या रंगाची. कारखान्याने या रंगाला प्रिमरोझ असे एका फुलाचे नाव दिले होते, पण मला तो पहिल्या दिवसापासून तुपाचाच वाटत आला आहे. मी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला राहते. एमजीचा कारखाना १९२९ पासून १९८० पर्यंत याच गावात होता, आणि १९६२ पासून पुढच्या अठरा वर्षांत ज्या पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या, त्यांतल्या बहुतेक इथूनच बाहेर पडल्या. म्हणजे अर्धशतकाहून जास्त काळ रस्त्यावर काढून माझी गाडी आज तिच्या जन्मस्थळाच्या शेजारच्याच गल्ल्यांमध्ये उभी आहे. मला मात्र इथवर यायला मिरजेहून यावे लागले.

मिरजेच्या आमच्या घरी अँबेसडर होती. अँबेसडर म्हणजे मुळातली मॉरिस ऑक्सफर्ड, आणि ती मॉरिस बनत होती काउलीत, ॲबिंग्डनपासून थोड्याच मैलांवर. अँबेसडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ही बी-सीरीज या एकाच घराण्यातली भावंडे होत. बाबांच्या गाडीला एक एसयू कार्ब्युरेटर होता, माझ्या गाडीला दोन आहेत. विकत घेण्याआधी मी एमजीबीचे बॉनेट प्रथम उघडले, तेव्हा ॲल्युमिनियमचे ते दोन घुमट आणि त्यांवरचे छोटे कळस पाहून मला गाडी नव्हे, आमच्या मेस्त्रींची पाठ आठवली. ते अँबेसडरच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले असत, आणि बाबांनी कार्ब्युरेटरबद्दल तक्रार केली की आतूनच बोलत, “डॉक्टर, आधी पॉइंट बघू, मग कार्बोरेटरला शिव्या देऊ.” पॉइंट म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी विजेची उघडझाप करणारी जोडी. हे वाक्य मला पाठ होते. तरीही मी दोन वर्षे नेमके त्याच्या उलट वागले.

ती चूक समजण्यासाठी या यंत्राची रचना थोडी सांगायला हवी. एसयू ही अक्षरे ‘स्किनर्स युनियन’ या नावाची आहेत. स्किनर बंधू हे लिली अँड स्किनर या पादत्राणांच्या पेढीच्या घराण्यातले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी जो कार्ब्युरेटर बनवला त्यात आजच्या पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. चांभारकामातल्या माणसांना हवा मोजायला चामडेच सुचावे यात मला फार गंमत वाटते. १९१० मध्ये कंपनी निघाली, १९२६ मध्ये ती विल्यम मॉरिस यांनी विकत घेतली, आणि पुढे मॉरिस, ऑस्टिन, एमजी, जॅग्वार अशा कित्येक ब्रिटिश गाड्या एसयूवर चालल्या. चामडे गेले, घुमटाखाली धातूचा पिस्टन आला, पण मूळ कल्पना तीच राहिली.

ढेकूण मारायचा जुना फ्लिट पंप ज्यांनी वापरला आहे त्यांना कार्ब्युरेटर अर्धा कळलेलाच असतो. आडव्या वाऱ्याने उभ्या नळीतले द्रव ओढून घ्यायचे आणि त्याचा फवारा करायचा. अडचण अशी की इंजिन कधी घोटभर हवा मागते, कधी घागरभर, आणि दर वेळी पेट्रोलचे प्रमाण तर बिघडता कामा नये. इतर कार्ब्युरेटर यासाठी तीन-चार वेगवेगळी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोके, ठेवतात. एसयू एकच ठेवतो, आणि हवेचा दरवाजाच लहान-मोठा करतो. इंजिनाने जास्त हवा ओढली की घुमटातली पोकळी पिस्टनला वर उचलते. पिस्टनच्या पोटात बसवलेली निमुळती पितळी सुई त्याच्याबरोबर जेटमधून वर सरकते, आणि सुई जितकी वर तितकी तिच्याभोवतीची फट मोठी. हवेची वाट आणि पेट्रोलची वाट अशा एकाच हालचालीने उघडतात. जेटचे भोक ०.०९० इंचाचे, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरहून किंचित मोठे. सगळी अक्कल त्या सुईच्या निमुळतेपणात आहे. तिची जाडी दर एक-अष्टमांश इंचावर ठरलेली असते, आणि एक-अष्टमांश इंच म्हणजे आपले एक सूत. मिरजेचे सुतार आणि बर्मिंगहॅमचे कार्ब्युरेटरवाले एकाच मापात मोजत होते, हे मला गॅरेजच्या फरशीवर बसून, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी समजले.

जेटच्या खाली षट्कोनी नट असतो. तो वर फिरवला की जेट वर येतो आणि मिश्रण पातळ होते. खाली फिरवला की जेट उतरतो आणि मिश्रण घट्ट होते. हा नट हातानेसुद्धा फिरतो, त्याला सहज पोचता येते, आणि फिरवल्याबरोबर इंजिनाचा सूर बदलतो. माझा सगळा घात या तीन गोष्टींनी केला. गाडी आयडलला, म्हणजे उभ्या जागी मंद चालताना, अडखळायला लागली, मी नट फिरवला. चढावर पिकअप कमी वाटला, मी नट फिरवला. गाडी गरम झाल्यावर मिसिंग मारू लागली, पुन्हा नट. जिथे स्क्रू दिसतो तिथे हात जातो, आणि ज्याला स्क्रूच नाही ते झिजत राहते. दोन वर्षांत मी ते दोन नट किती वेळा वरखाली केले असतील याचा हिशेब नाही, पण प्रत्येक वेळी गाडी दोन दिवस बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट.

ठिबकणाऱ्या पेट्रोलमुळे मात्र नट फिरवून भागणार नव्हते. मी दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले. पुढच्या कार्ब्युरेटरच्या प्रत्येक भागावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, मागच्याला दिला नाही. कारण एसयूचा पिस्टन आणि त्याचा घुमट कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असतात आणि या घरचा पिस्टन त्या घरी चालत नाही. घुमटाच्या आत कसलाही कागद घासायचा नसतो, तिथली फट इतकी हिशेबी असते. दोन्ही जोड्या रॉकेलमध्ये बुडवून, मऊ ब्रशने धुऊन, सुती फडक्याने पुसल्या, आणि मग मला या कामातली सगळ्यात आवडणारी परीक्षा घेतली. स्प्रिंग काढायची, पिस्टनची वाऱ्याची भोके बंद करायची, पिस्टनची चाल मंद करणारा वरचा डँपर बसवायचा, पिस्टन घुमटात पूर्ण आत बसवायचा, आणि मग सगळे उलटे करून पिस्टन हातात धरायचा. घुमट स्वतःच्या वजनाने त्याच्यापासून हळूहळू खाली सरकतो. या मापाच्या कार्ब्युरेटरला पाच ते सात सेकंद लागली पाहिजेत. माझ्या पुढच्या जोडीला सहा लागली आणि मागचीला साडेपाच. पन्नासहून अधिक वर्षे एकमेकांवर सरकलेल्या दोन धातूंमध्ये ना रबर, ना चामडे, ना ऑइल सील, फक्त फट. आणि त्या फटीतून वारा अजून इतक्या सावकाश जात होता, की मी ती परीक्षा विनाकारण चार वेळा घेतली.

सुया काढल्या तेव्हा मात्र सगळा उलगडा झाला. सुईच्या जाड बुंध्यावर तिची ओळख कोरलेली असते. अक्षरे इतकी बारीक की मला भिंग लागले. पुढच्या सुईवर एफएक्स होते, जे या इंजिनाला हवे तेच. मागच्या सुईवर भलतीच अक्षरे होती. कधीतरी, कुणीतरी, हातात होती ती सुई बसवून दिली होती, आणि मग आयडलला दोन्ही कार्ब्युरेटर जुळावेत म्हणून मागचा नट चांगला दीड फेरा जास्त खाली उतरवला होता. त्यामुळे सिग्नलला उभी असताना गाडी बरी वाटे, कारण तिथे नटाचा तोडगा लागू पडे; रस्त्यावर पिस्टन वर उचलला की दोन्ही सुया आपापल्या निमुळतेपणाप्रमाणे वेगवेगळा कौल देत. एमजीबीत पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या दोन सिलिंडरांना आणि मागचा उरलेल्या दोघांना पेट्रोल देतो. माझे पहिले दोन स्पार्क प्लग नेहमी फिकट राखी आणि मागचे दोन काजळीने काळे निघत, आणि मी समजत होते की इंजिनाचा मागचा भाग तेल खातो आहे. पुरावा दर सहा महिन्यांनी माझ्या तळहातावर येत होता, आणि मी तो पुसून परत बसवत होते.

दुसरा आजार थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, स्पिंडलचा होता. पाव इंचाहून थोडा जाड असा हा दांडा कार्ब्युरेटरच्या ॲल्युमिनियमच्या अंगात उघडाच फिरतो, आणि वर्षानुवर्षे स्प्रिंगने एकाच बाजूला ओढला गेल्याने भोक लंबगोल होते. बोटाने हलवले तर तो वरखाली खळखळे. या फटीतून आत शिरणारा वारा कुणी मोजलेला नसतो. तो जेटवरून जात नाही, पेट्रोल उचलत नाही, आणि दांडा ज्या क्षणी जसा टेकेल तसा कमीजास्त होतो. अशा गाडीचे आयडल आज जुळले तरी उद्या जुळत नाही, कारण नटाने जुळवायचे ते मिश्रण आणि गळती वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडचे मेस्त्री याला ‘एअर घेते’ म्हणतात, आणि मला या दोन शब्दांहून नेमके वर्णन कुठल्याही माहितीपुस्तकात मिळालेले नाही. भोके मोठी करून त्यांत बुश बसवणे माझ्या गॅरेजात होण्यासारखे नव्हते, त्यामुळे दोन्ही सांगाडे त्या कामाच्या माणसाकडे पाठवले. ते परत आले तेव्हा नवा स्पिंडल दोन बोटांत धरून फिरवला. त्याला खळखळ नव्हती आणि अडकणेही नव्हते.

जोडणीत मी एक चूक केली, आणि ती सांगितली पाहिजे. थ्रॉटलची पितळी चकती स्पिंडलला दोन बारीक स्क्रूंनी धरलेली असते, आणि हे स्क्रू मुद्दाम टोकाला चिरलेले असतात. बसवल्यावर टोके फाकवायची, म्हणजे स्क्रू सैल होऊन इंजिनात पडणार नाही. पुढच्या कार्ब्युरेटरची टोके मी फाकवली. मागच्याची फाकवली की नाही, हे मला रात्री दोन वाजता जाग आल्यावर आठवेना. स्वेटर चढवून, टॉर्च घेऊन गॅरेजात गेले, चार नट सोडले आणि पाहिले. फाकवली नव्हती.

मूळ दुखणे ज्यामुळे समोर आले त्या फ्लोट चेंबरचे काम त्या मानाने सोपे निघाले. फ्लोट म्हणजे तरंगणारा डबा. पेट्रोल ठरलेल्या पातळीला आले की तो वर येऊन एक छोटी सुई तिच्या बैठकीवर दाबतो आणि वाट बंद करतो, आपल्या संडासाच्या टाकीसारखीच ही तऱ्हा. माझ्या बैठकीत किटण होते आणि सुईच्या टोकावर गोल चरा पडला होता. नवी सुई, नवी बैठक, नवी पॅकिंगे बसवली. जुनी रबरे मऊ पडण्याला इथेनॉलचाही हातभार असतो. ब्रिटनमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणून मी महागडे, पाच टक्क्यांचे पेट्रोल भरते. मिरजेच्या भोवती उसाचे कारखाने आहेत, आणि मळीच्या वासात वाढलेल्या मुलीने परदेशात इथेनॉलला नाके मुरडावीत हे बाबांना अजिबात पटलेले नाही. पातळी लावण्यासाठी झाकण उलटे धरायचे, आणि फ्लोट व झाकणाच्या कडेमध्ये एक-अष्टमांश ते तीन-षोडशांश इंचाचे अंतर ठेवायचे. म्हणजे एक ते दीड सूत. मी त्यासाठी ड्रिलचा एक-अष्टमांश इंची बिट वापरला.

फ्लोट चेंबर हा पेट्रोलचा छोटा हौद आहे, आणि हौद उलटा केला की काय होते याचा अनुभव १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिकांनी घेतला. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनांवर एसयू कंपनीचेच कार्ब्युरेटर होते. विमानाचे नाक एकदम खाली दाबले की पेट्रोल चेंबरच्या छताकडे उसळे, इंजिन आधी उपाशी राही आणि मागोमाग पेट्रोलात बुडे. जर्मन मेसरश्मिटला इंजेक्शन असल्याने त्याचे काही बिघडत नसे. फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेतल्या बिअट्रिस शिलिंग यांनी पेट्रोलच्या वाटेत नेमक्या मापाचे भोक असलेली एक चकती घालून या पुराला बांध घातला, आणि १९४१ मध्ये ती विमानांवर बसू लागली. युद्धापूर्वी या बाई ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी शंभर मैलांच्या वर मोटरसायकल पळवत. पेट्रोल मोजताना एक वॉशरसुद्धा पुरतो, पण भोक नेमके लागते.

यानंतर, शेवटी, ट्यूनिंग. मेस्त्रींचे वाक्य या खेपेला पाळले. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मग पॉइंट, तेही पंधरा थाऊच. मग प्लग, मग टायमिंग. पॉइंटचा एक गाल भाजलेला निघाला, त्याला मी कार्ब्युरेटर समजून किती शिव्या दिल्या असतील! हे सगळे जागेवर आल्यावरच दोन्ही नट पूर्ण वर नेऊन तिथून बारा बाजू, म्हणजे दोन फेरे, खाली आणले. घुमटांत वीस ग्रेडचे तेल भरले. हे तेल वंगणासाठी नसते; ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टनला ते क्षणभर मागे धरते, आणि त्या क्षणात पेट्रोल थोडे जास्त ओढले जाते. अंजन घालायच्या बेताने भरावे लागणारे हे तेल संपले की गाडी ठेचकाळते, आणि लोक पुन्हा नट फिरवतात.

दोन कार्ब्युरेटर जुळवायचे तर दोघांना जोडणारा दांडा आधी सैल करून त्यांना वेगळे करतात. मग हाताच्या लांबीची रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी. आत शिरणाऱ्या हवेचा फुसफुसाट दोन्हीकडे सारखा आला पाहिजे. यासाठी उपकरणे मिळतात, माझ्याकडेही काटा असलेले एक आहे, पण नळीने लागलेला अंदाज उपकरणाने फारसा बदलत नाही. मी तंतुवाद्यांच्या गावची. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर पट्टी दोनदा ओढतो, तार छेडतो, पुन्हा पट्टी ओढतो; कमी घासले तर आवाज बंद राहतो आणि जास्त घासले तर परत येता येत नाही. कार्ब्युरेटरचे काम त्या मानाने दयाळू आहे, नट नेहमी मागे फिरवता येतो. मात्र एक तंबोरा बिनसला असता दुसरा त्याच्याशी मिळवू नये, हा नियम इथेही तसाच लागू पडतो, आणि माझ्या गाडीत नेमके तेच झाले होते.

मिश्रण तपासायला पिस्टनखाली एक छोटी पिन असते. ती दाबून पिस्टन एक-बत्तिसांश इंच, म्हणजे पाव सूत, उचलायचा आणि ऐकायचे. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण घट्ट आहे. इंजिन लगेच बसू लागले तर पातळ. किंचित चढून पुन्हा मूळ पट्टीवर आले तर ठीक. पुढचा कार्ब्युरेटर दुसऱ्या प्रयत्नात लागला. मागच्याला नट पाच वेळा एकेक बाजू सरकवावा लागला. खात्री करायला मी काचेचा स्पार्क प्लग लावून पाहिला. त्याच्या भोकातून सिलिंडरच्या आतली ज्योत दिसते. रॉकेलच्या चिमणीसारखी पिवळी दिसली तर पेट्रोल जास्त. माझी ज्योत गॅसच्या शेगडीसारखी निळी होती, अधूनमधून एखादा पिवळा फटकारा. त्या अंधाऱ्या गॅरेजात मी ती निळाई बराच वेळ बघत बसले. स्फोट आपण नेहमी ऐकतो, तो दिसत नाही.

दांडा परत आवळला, एअर फिल्टर चढवले, आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते. बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अँबेसडर विकून वीस वर्षे झाली, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पंप थांबतो का?” मी किल्ली फिरवून त्यांना ठोके ऐकवले, नऊ ठोके, मग शांतता. इंजिन सुरू केले आणि फोन दोन कार्ब्युरेटरांच्या मधोमध धरला. त्यांनी डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकले.

“मागचा अजून अर्धी बाजू खाली घे,” ते म्हणाले.

मी म्हणाले, “बाबा, निळी ज्योत आहे, मी डोळ्यांनी बघितली.”

“असेल गं,” ते म्हणाले, “फोनवर सगळ्याच गाड्या मिसिंग मारतात. सकाळी थंड असताना लाव पुन्हा, मग सांगतो.”